कशाने वाढते?

आज १२ ऑक्टोबर, जागतिक संधिवात दिन. १९९६ पासून तो पाळला जातो आणि आपल्याकडे त्याची रीत आता ठरून गेली आहे. हाडांच्या घनतेची मोफत तपासणी, ज्येष्ठ नागरिक संघात एक व्याख्यान आणि गुडघेबदल शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत हसतमुखाने जिना चढणारे आजोबा. याच दिवसांत घरोघरी दिवाळीची आवराआवर सुरू असते. माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, पडदे उतरतात, गाद्या उन्हात पडतात, भाजणीचे धान्य धुऊन वाळत घातले जाते. ज्या बाईचे अंग बारा महिने दुखते, तिला ही कामे करताना फारसे काही होत नाही, ही यातली मेख. ‘आज बरं वाटतंय, तर सगळंच उरकून टाकू,’ असे म्हणत ती एका दिवसात तीन खोल्या काढते. त्याची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजावी लागते. मग चार दिवस अंथरूण. पाचव्या दिवशी जरा हलके वाटले की चकलीचा सोऱ्या हातात.

जुनाट दुखण्यावर काम करणाऱ्या कोणत्याही फिजिओथेरपिस्टला हे चक्र पाठ असते. बऱ्या दिवशी अती आणि वाईट दिवशी काहीच नाही, असे सुरू राहिले की दर फेरीत अंगातली ताकद थोडी कमी होते आणि पुढच्या वेळी कमी कामातही तेवढेच दुखते. यावरचा उपाय कानाला बेचव लागतो. काम घड्याळावर करावे, दुखण्यावर नव्हे. अर्धा तास झाला की थांबावे, बरे वाटत असले तरी. आणि वाईट दिवशीही ठरलेली दहा मिनिटे चालावे. सणाच्या घाईत हे कोण ऐकणार, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, आवराआवर आणि अंथरूण यांचा संबंध त्या बाईला कोणी कधी दाखवून दिला का?

दवाखान्यात विचारले जाते ते ‘कुठे दुखतं?’ आणि ‘कधीपासून?’ ‘कशाने वाढतं?’ हा प्रश्न विचारला गेलाच तर उत्तराची वाट न पाहता पुढची चिठ्ठी लिहायला घेतली जाते. वास्तविक ही विचारणा आपल्याला परकी नाही. आयुर्वेदाच्या निदानपंचकात उपशयाला मानाचे स्थान आहे. कशाने आराम पडतो आणि कशाने त्रास बळावतो, हे पाहून रोग ओळखायचा ही ती पद्धत. आधुनिक वेदनाशास्त्रही फिरून त्याच प्रश्नापाशी आले आहे. मधल्या मधे आपण मात्र तो हरवून बसलो आहोत आणि त्याच्या जागी एक्स-रे, एमआरआय आणि ‘कॅल्शियम कमी आहे’ हे सर्वगुणसंपन्न उत्तर येऊन बसले आहे.

भिगवण म्हटले की उजनीच्या पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी आठवतात. संधिवाताच्या अभ्यासकांना ते गाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना असे दुखणे असल्याचे आढळले. त्यात आमवातासारखे ठसठशीत नाव असलेले रोग थोड्यांनाच होते. मोठा हिस्सा होता तो ‘अंग दुखतं’, ‘पाठ धरते’, ‘खांदा भरून येतो’ अशा बिननावाच्या दुखण्यांचा. पुढे २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीने महाराष्ट्रात या संख्येत आणखी भर घातली. ताप आठवड्यात उतरला, पण अनेकांचे घोटे आणि मनगटे कित्येक महिने सुटली नाहीत. जगाचा हिशेब घेतला तर २०२० मध्ये नुसत्या कंबरदुखीचे रुग्ण सुमारे ६२ कोटी होते. २०५० पर्यंत तो आकडा ८४ कोटींच्या घरात जाईल, असा अंदाज आहे.

तीन महिन्यांपलीकडे टिकलेले किंवा पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे ते दीर्घकालीन, ही आजची सर्वमान्य व्याख्या. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा वेदनेला पहिल्यांदा स्वतःचे घर मिळाले. दुसऱ्या एखाद्या रोगाचे लक्षण म्हणून नव्हे, तर स्वतंत्र आजार म्हणूनही तिची नोंद करता येऊ लागली. याचे कारण मज्जासंस्थेत आहे. एखाद्या सोसायटीत एकदा चोरी झाली की तिथला वॉचमन पुढे कुरिअरवाल्यालाही शिट्टी मारतो. बरेच दिवस दुखत राहिले की मेंदू आणि मज्जारज्जू यांची तशीच गत होते. मूळ इजा भरून निघते, पण इशारा देणारी यंत्रणा हळवी होऊन बसते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये मज्जारज्जूतील हा हळवेपणा प्रयोगाने दाखवला. म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ आणि ‘दुखत नाही’ ही दोन निराळी विधाने आहेत. ती एकच समजण्याची चूक डॉक्टर करतात, नातेवाईक करतात, आणि विमा कंपन्या तर हौसेने करतात.

यंत्रणाच हळवी झाली असेल, तर तिला कोण डिवचते हे शोधणे आलेच. पहिला संशयित ठरलेला: हवा. ‘पाऊस येणार, माझे गुडघे सांगतात,’ हे वाक्य ज्या घरात नाही असे मराठी घर सापडणे कठीण. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप होतो, हे तर वाग्भटाच्या काळापासून मानले जाते. १९९६ मध्ये डोनाल्ड रेडलमायर आणि एमॉस ट्वर्स्की यांनी संधिवाताच्या १८ रुग्णांची १५ महिने नोंद ठेवली. वेदना आणि हवामान यांत संबंध असल्याची रुग्णांना खात्री होती, आकड्यांत तो दिसला नाही. दोघांनी निष्कर्ष काढला की माणसाचे मन नसलेली नक्षीही पाहते. २०१९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या विल डिक्सन यांच्या गटाने मोबाइलवर रोजची नोंद करणाऱ्या अडीच हजारांवर लोकांची माहिती त्यांच्या गावच्या हवामानाशी ताडून पाहिली, तेव्हा संबंध सापडला. हवेतला दमटपणा, कमी दाब आणि वारा असलेल्या दिवशी वेदना वाढण्याची शक्यता अधिक होती. मात्र केवढी? एरवी शंभरात पाच दिवस वाईट जात असतील, तर अशा हवेत सहा. म्हणजे आजीचे गुडघे खोटे बोलत नव्हते, पण त्यांच्या साक्षीवर सगळा खटला उभा करण्याइतकीही ती बाब मोठी नव्हती.

ट्वर्स्की यांचा मुद्दा मात्र आजही कामाचा आहे. पाऊस पडला आणि गुडघा दुखला, हा दिवस लक्षात राहतो. पाऊस पडला आणि गुडघा दुखला नाही, तो दिवस कोणाच्या स्मरणात नसतो. कोरड्या हवेत दुखलेला दिवसही आपण दुसऱ्या कशाच्या तरी खात्यावर टाकतो आणि न दुखलेला तर विसरूनच जातो. कारण शोधायचे, तर हे चारही प्रकारचे दिवस मोजावे लागतात. स्मरणशक्तीला हे जमत नाही. त्यासाठी वहीच लागते, आणि वही नसेल तर संशयितांची यादी फुगत जाते. ती सर्वात जास्त फुगते ती ताटात. आंबट बंद, वांगे वातूळ म्हणून बंद, हरभऱ्याची डाळ बंद, रात्रीचा भात बंद, दही तर कधीच बंद झालेले. दहा वर्षे अंग दुखत असलेल्या माणसाच्या ताटात अखेर ज्वारीची भाकरी आणि दुधी उरतो. दुखणे जागच्या जागी.

खाण्याने वाढणारी दुखणी नाहीत, असे मुळीच नाही. युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट हे त्याचे ठळक उदाहरण. मांस, मासळी आणि मद्य, त्यातही बिअर, यांनी तो भडकतो. पण आपल्याकडे युरिक ॲसिडचा रिपोर्ट हाती आला की पहिली कुऱ्हाड पडते ती शाकाहारी माणसाच्या वरणावर. वास्तविक २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्योन चोई यांच्या मोठ्या अभ्यासात मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरिनयुक्त भाज्यांनी दिसला नाही. ज्याच्या आहारातले प्रथिन बहुतांशी डाळीतून येते, त्याची डाळ तोडून त्याचे स्नायू अशक्त करणे हा सांध्यांवर उपकार नव्हे. अर्धशिशीची गोष्ट आणखी फसवी आहे. चॉकलेट खाल्ले की डोके उठते, अशी अनेकांची खात्री असते. पण अर्धशिशीचा झटका डोके दुखण्याच्या कित्येक तास आधी सुरू झालेला असतो. जांभया येतात, मान आखडते, उजेड खुपतो आणि गोड खावेसे वाटते. त्या वासनेने चॉकलेट खाल्ले जाते आणि मागून आलेल्या डोकेदुखीचा आळ त्याच्यावर येतो.

त्याच अर्धशिशीत खरा गुन्हेगार पुष्कळदा पर्समध्येच असतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान गटातली औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेत राहिल्यास डोकेदुखीच्या जुन्या रुग्णात गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय पट्ट्याच्या पट्ट्या मिळतात तिथे हे प्रमाण गाठायला वेळ लागत नाही. गुडघ्यासाठी वर्षानुवर्षे गोळ्या खाणाऱ्यांच्या पोटाचा आणि मूत्रपिंडाचा हिशेब तर वेगळाच. तेव्हा वहीतला पहिला रकाना गोळ्यांचा असावा.

दुसरा झोपेचा. टोरांटोच्या हार्वी मोल्डोफस्की यांनी १९७५ मध्ये धडधाकट स्वयंसेवकांची गाढ झोप रात्रीमागून रात्री मोडली. काही दिवसांत त्यांचे अंग दुखू लागले, दाबल्यावर स्नायू हुळहुळू लागले. दुखते म्हणून झोप लागत नाही, हे सर्वांना माहीत असते. झोप झाली नाही म्हणून दुखते, हे मात्र फारसे कोणी धरत नाही. ज्या घरात बाई रात्री सर्वांच्या शेवटी आडवी होते आणि पहाटे पाण्याच्या वेळेला सर्वांच्या आधी उठते, तिथे तिच्या खांद्याचे कारण खांद्यात शोधून कसे सापडेल?

आणखी एक संशयित कागदावर छापून येतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘वाटी झिजली’ ही वाक्ये आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत रोज उच्चारली जातात. २०१५ मध्ये वलीद ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी पाठ अजिबात दुखत नसलेल्या सुमारे तीन हजार लोकांच्या स्कॅनचे निष्कर्ष एकत्र केले. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या होत्या. केस पिकावेत तितकी ही साधारण गोष्ट. पण ‘झिजले आहे’ हे ऐकलेला माणूस वाकायला घाबरतो, उचलायला घाबरतो, हळूहळू चालायलाही घाबरतो. हालचाल थांबली की स्नायू रोडावतात आणि उरलेल्या हालचाली जास्त दुखतात. भीतीचे हे वर्तुळ वेदनेच्या मानसशास्त्रात चांगलेच अभ्यासलेले आहे. डॉक्टरांच्या तोंडचे एक बेसावध वाक्य आयुष्यभराचा कमरेचा पट्टा होऊन बसते आणि त्या वाक्याची फी वेगळी लागत नाही.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण आजचा दिवस संधिवाताचा आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त बोटे आखडत असतील, सांधे सुजून गरम लागत असतील, तर वही घेऊन बसू नये, संधिवाततज्ज्ञ गाठावा. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होणे बव्हंशी टळते. काढे, मालिश आणि ‘दिवाळी होऊ दे, मग बघू’ यांत ते महिने निघून जातात.

आता वहीबद्दल. ती दोन-चार आठवड्यांपुरतीच असावी, असे आमचे मत आहे. जन्मभर दर तासाला वेदनेला गुण देत बसले तर माणूस वेदनेचाच कारकून होतो. झोप, काम, गोळ्या, पाळी, मनाला लागलेली एखादी गोष्ट आणि दुसऱ्या दिवशीची वेदना एवढे पुरते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आणि ही वही ज्याची त्याच्याच ताब्यात राहावी. घरात ती आरोपपत्र म्हणून वापरली जाण्याची भीती खरी आहे. ‘आई, तू लाडू वळलेस ना काल? मग आता कण्हू नकोस,’ असे म्हणणारा मुलगा बहुधा लाडू खाऊन झाल्यावरच हे म्हणतो. दुखणे वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत अविश्वासाला आम्ही फार वरचे स्थान देऊ. ‘सगळ्यांचंच दुखतं’, ‘काम निघालं की बरं दुखतं’ असे ऐकत राहिलेली सून एक तर बोलणे थांबवते, नाहीतर आपले खरे आहे हे सिद्ध करण्यासाठी अंगाबाहेर काम करून दाखवते. दोन्हींचा शेवट अंथरुणातच होतो. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपणांत, माणसाने आपल्या वेदनेबद्दल जे सांगितले त्याचा आदर व्हावा, असे स्पष्ट नोंदवले आहे. वैद्यकशास्त्राला हे लिहून ठेवावे लागले, यावरून काय ते समजावे.

सरकारी यंत्रणेत तर या माणसांना उभे राहायला जागाच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे, तीत दीर्घकालीन वेदनेला स्वतःची ओळ नाही. आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आखलेल्या. त्यामुळे महिनोन्‌महिने फिजिओथेरपी, समुपदेशन आणि व्यायाम यांवर जगणाऱ्याने पैसे खिशातून काढायचे. शस्त्रक्रियेसाठी पॅकेज सापडते, ती टाळण्यासाठी सापडत नाही.

आणि वहीने काहीच होणार नाही, असाही एक मोठा वर्ग आहे. दसरा झाला की बीड, जालना, परभणीच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे हलू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस आजारपणात गेला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दिवसभर वाकून तोड, मग मोळ्या बांधणे, आणि रात्री गाडी येईल तेव्हा, मग अकरा वाजोत की दोन, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणे. या बाईला कंबरदुखी कशाने वाढते, असे विचारून पाहावे. तिचे उत्तर कोणत्याही तज्ज्ञापेक्षा नेमके असेल: मोळी, मोडलेली झोप आणि न मिळणारी सुट्टी. तिचे निदान झालेले आहे. टाळण्याचा अधिकार तेवढा तिच्याकडे नाही. काम घड्याळावर करा, हा सल्ला तिला देणाऱ्याने आधी घड्याळ कोणाच्या हातात आहे ते पाहावे.

कामगाराने किती वजन उचलावे याची कमाल मर्यादा घालण्याचा अधिकार १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३४ राज्य सरकारला २०२५ पर्यंत देत असे. स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा ठरवण्याची सोयही त्यात होती. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत हा कायदा लागू होत असे. फाटकाबाहेरचा उसाचा फड त्याच्या व्याख्येत येत नसे. गाळप हंगामाची तारीख ठरवायला मंत्री समिती बसते, तेव्हा उताऱ्याची, दराची, इथेनॉलची चर्चा होते. त्याच बैठकीत मोळीचे कमाल वजन, रात्रीच्या भराईची वेळ आणि आजारपणाचा खाडा हे तीन विषय घ्यायला काहीच अडचण नाही. त्यावर निघालेला आदेश पुण्याच्या साखर आयुक्तालयातून कारखान्यांकडे आणि कारखान्यांकडून मुकादमांच्या करारात जाऊ शकतो. बिऱ्हाडे हलायला थोडेच दिवस उरले आहेत.